पॅड नवे, तरी ब्रेकचा दिवा जाईना

सेकंडहँड जर्मन गाडी घेतली आणि आठवड्यात ब्रेक पॅड झिजल्याचा दिवा लागला. पॅड बदलले, दिवा तसाच. गॅरेजवाला म्हणाला, "डिस्कपण बदला." म्हटलं, थांबा जरा.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींनी चाक काढून पॅड मोजले. 11 मिलिमीटर, म्हणजे नवेच. मग आत हात घालून वायर ओढली, तर सेन्सरच गायब! आधी कुणीतरी दोन्ही वायरी एकमेकींत पिळून वर चिकटटेप गुंडाळलेली. टेप सोडली, आत तांब्यावर हिरवी पूड. "पावसानं खाल्लंय बघा," मिस्त्री म्हणाले.

हा सेन्सर म्हणजे पॅडमध्ये खोवलेला वायरीचा साधा वेढा. पॅड झिजला की डिस्कला घासून वायर तुटते, सर्किट तुटतं, दिवा लागतो. तुटला की सेन्सर नवाच घालायचा, नुसत्या पॅडनं भागत नाही. इथं तर पिळलेला जोडच सुटल्यासारखा झाला होता.

नवा सेन्सर लावला. इंजिन बंद, इग्निशन चालू, मेनूतून रीसेट. पहिल्यांदा झालं नाही, कारण मी घाईत स्टार्टर मारला (सवय!). दुसऱ्यांदा दिवा गेला. परवा करूळ घाट उतरून वैभववाडीला जाऊन आलो, डॅशबोर्ड गप्प आहे.