नाविकवर रान मोजताना

खानापूर-निपाणीकडं उसाचं रान मोबाइलवर मोजायचं असेल, तर आधी फोन नाविक (जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा) पकडतो का ते पाहा. उपग्रह दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये भारताचा झेंडा आणि एल५ ही नाविकची रेडिओ लहर (११७६.४५ मेगाहर्ट्झ) दिसायला हवी. मे २०२३ मध्ये सोडलेल्या नाविकच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून एल१ ही लहरही आली, पण ती वाचणारी चिप फोनमध्ये हवी.

हा उपग्रह १२९.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्याकडून पाहता क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर. म्हणून पूर्वेला आंब्याची रांग किंवा पत्र्याचं शेड असलेला कोपरा सगळ्यात दगा देतो. लहर पोचायला लागलेल्या वेळेवरून फोन उपग्रहाचं अंतर काढतो; पत्र्यावरून ती उसळून उशिरा पोचते आणि अंतर वाढतं. घड्याळाची चूक एक नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटर, यावरून काय ते समजा. उपग्रहात रुबिडियमचं अणुघड्याळ त्यासाठीच असतं. एनव्हीएस-०१ मध्ये ते देशी बनावटीचंही आहे.

ऊस तुटल्यावरच मोजा. आधी उघड्यावर पाच मिनिटं थांबा. मग प्रत्येक कोपऱ्यावर फोन डोक्याच्या उंचीवर धरून दोन मिनिटं नोंदी घ्या, त्यांची सरासरी काढा. बांधावरून चालत रेघ ओढू नका, ती वाकडीच येते.

वीस गुंठ्यांचं चौकोनी रान साधारण ४५ मीटर बाजूचं. एक बाजू दोन मीटर सरकली की जवळजवळ गुंठा इकडंतिकडं! खत-बियाण्याच्या हिशेबाला चालेल. बांधाच्या भांडणात मात्र सरकारी मोजणीच लागते.