क्राउन-पिनियन बदलल्यावर डिफरन्शियल तापतंय, घुंऽऽ वाजतंय? या चुका टाळा

टायर मोठे घातले की गाडी चढाला दमते. मग डिफरन्शियलमधलं (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा भाग) क्राउन-पिनियन, म्हणजे मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, बदलायचं ठरतं. चाकाच्या एका फेरीला पिनियन किती वेळा फिरतो तो आकडा ४.१० च्या जागी ४.५६ किंवा थेट ४.८८ होतो. नाशिकमध्ये थार, जिप्सी आणि जुन्या जीपवाले हे काम अंबड-सातपूरकडच्या गॅरेजांत करून घेतात. काम होतं, गाडी रस्त्याला लागते आणि मागून घुंऽऽ सुरू होतं. खाली वाकून हात लावावा तर हाऊसिंगचा, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचाचा, चटका बसतो. त्यानंतर जी घाई होते ती महागात पडते. कुणी जाड ऑइल ओततं, कुणी पिनियनचा नट अजून आवळतं, तर कुणी सांगतं, "चालवा दादा, बसेल आपोआप." माझं म्हणणं असं की पाना हातात घ्यायच्या आधी आवाज नेमका कधी येतो आणि गरम नेमकं कुठे होतंय, हे कागदावर लिहून काढा. अर्धं निदान तिथेच होतं.

हाताच्या चटक्यावरून ठरवू नका

साधारण ६० अंशांनंतर लोखंडावर हात ठेवता येत नाही. आणि लांब पल्ला मारून आल्यावर चांगल्या डिफरन्शियलचं हाऊसिंगही ८०-९० अंशांवर जाऊ शकतं, त्यातून मे महिन्यात बाहेरच ४० असेल तर बोलायलाच नको. नव्या गिअरचे दात एकमेकांवर घासून बसत असतात, तेव्हा सुरुवातीची उष्णता जास्तच असते. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा आणि तो रंग असलेल्या भागावर धरा, कारण चकचकीत धातूवर आकडा कमी दिसतो. १२० च्या पुढे गेलं तर गाडी थांबवायची.

एकाच आकड्यावर मात्र समाधान मानू नका. पिनियनचा पुढचा भाग, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडलेला असतो ती जागा, बाकी हाऊसिंगपेक्षा खूपच तापत असेल तर पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (आवळून आधीच दिलेला ताण) जास्त झालाय किंवा पुढच्या बेअरिंगला ऑइल पोचत नाही. दुसरं कारण बऱ्याचदा मिस्त्रीच्या लक्षात येत नाही. जोडणी करताना सिलिकॉन सढळ हाताने लावलं की ते आत ओघळतं आणि ऑइलची वाट बुजते. उष्णता चाकाकडच्या टोकांना असेल तर डिफरन्शियल उघडू नका, ब्रेक चिकटतोय का आणि हब बेअरिंग कसं आहे ते बघा.

पहिल्याच दिवशी घाट नको

नव्या सेटला पहिली फेरी २५ किलोमीटरची, शांत वेगात, आणि मग अर्धा तास पूर्ण विश्रांती. नाशिकहून दिंडोरी जवळपास तेवढंच आहे. तिथे चहा घ्या, गाडी गार होऊ द्या, मग परत फिरा. असं दोन-तीनदा करा. पहिल्या ८०० किलोमीटरमध्ये ट्रॉली ओढायची नाही, कसारा किंवा सावळघाटात जोर लावायचा नाही. इथे घाई केली तर दातांवरचा कठीण थर आणि ऑइल दोन्ही भाजतात, आणि असा जळालेला सेट पुन्हा दुरुस्त होत नाही.

बॅकलॅश बरोबर आला म्हणजे सेटिंग झालं, असं नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बऱ्याच ॲक्सलना बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळी जागा) ०.१५ ते ०.२५ मिलीमीटर लागतो (तुमच्या ॲक्सलचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा). डायल गेजवर तो आला की काम संपलं असं मानून झाकण लावलं जातं. पण पिनियन चुकीच्या खोलीवर असतानाही बॅकलॅश बरोबर दाखवता येतो, कारण क्राउन बाजूला सरकवून तो आकडा जुळतो.

खरं काय ते दातांवर दिसतं. क्राउनच्या तीन-चार दातांना मार्किंग पेस्ट लावा, क्राउनला लाकडाने थोडा अडसर द्या आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. पेस्ट जिथून पुसली जाते तो ठसा दाताच्या शेंड्याकडे चढलेला असेल तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, जाड शिम (पिनियनची खोली ठरवणारी पातळ चकती) हवी. मुळाकडे उतरलेला असेल तर पिनियन खूप आत गेलाय, पातळ शिम घाला. ठसा शेंडा आणि मूळ यांच्या मधोमध आला पाहिजे. हे बसेपर्यंत शिम बदलत राहावी लागते आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. जो मिस्त्री हा ठसा तुम्हाला दाखवून, फोटो काढू देऊन मग झाकण लावतो, त्याच्याकडेच काम द्या.

बॅकलॅश क्राउनच्या चार जागी मोजा. ०.०५ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर क्राउन आणि केसच्या मध्ये कचरा किंवा धातूचा कण अडकलेला असू शकतो. अशा वेळी आवाज एकसारखा नसतो, तो वाढत-कमी होत राहतो.

क्राउन आणि पिनियन ही जोडी असते, दोघांवर जुळणारे नंबर कोरलेले असतात. भंगारातून एक इकडचा, एक तिकडचा असा सेट कधीच शांत चालत नाही.

नट आवळून आवाज जात नाही

क्रश स्लीव्ह (नट आवळल्यावर दबून प्रीलोड ठरवणारी नळी) एकदा प्रमाणाबाहेर दबली की नट सैल करून प्रीलोड परत येत नाही, नवी स्लीव्हच घालावी लागते. नव्या बेअरिंगला पिनियन फिरवायला साधारण १५ ते ३० इंच-पाउंड लागावेत, जुन्याला त्याच्या निम्मे. हे छोट्या टॉर्क पान्याने मोजायचं असतं, मनगटाच्या अंदाजाने नाही. आणि नव्या गिअरला जुनी बेअरिंग घालून पैसे वाचवू नका.

आवाज कधी येतो?

रेस दिल्यावर घुंऽऽ आणि सोडल्यावर शांत: दाताच्या ड्राइव्ह बाजूचा, म्हणजे गाडी ओढताना दाबल्या जाणाऱ्या बाजूचा, ठसा तपासा. रेस सोडल्यावर, उतारावरच येतो: दाताची उलटी, कोस्ट बाजू किंवा सैल पिनियन बेअरिंग. रेस कशीही असली तरी घरघर: बेअरिंग. फक्त वळणावर: स्टार गिअर (डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर) किंवा हब. रेस देता-सोडता 'ठक्' होत असेल तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) हलवून बघा. ४.१० वरून ४.८८ केल्यावर तोच शाफ्ट चाकाच्या तेवढ्याच फेऱ्यांना जवळपास १९ टक्के जास्त फिरतो, त्यामुळे पूर्वी न जाणवलेला असमतोल आता थरथर बनून येतो आणि नाव डिफरन्शियलचं होतं.

ऑइल

हायपॉइड गिअरला, म्हणजे अशा क्राउन-पिनियनला, जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेली. गिअरबॉक्सचं जीएल-४ चालत नाही. एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) असेल तर ऑइलमध्ये घालायचं फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नका. फिलर होलच्या खालच्या कडेपर्यंतच भरा, जास्त भरलं की फेस होतो आणि ब्रीदर (हवा बाहेर जाण्याची वाट) बुजलेला असेल तर सीलमधून गळतं.

८०० किलोमीटरला ऑइल काढून टाका आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा गाळ बोटांत चोळून बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ असेल तर ठीक. टोकदार, चकाकणारे तुकडे लागले तर गाडी चालवत घरी नेऊ नका, टो करून गॅरेजला न्या.