बाथरूम एकदाच फोडायचं असेल तर

सिडकोनं नवी मुंबईत बांधलेल्या जुन्या घराचं काम काढलं की सल्ला देणारा पहिला माणूस हमखास म्हणतो, "सगळं फोडून टाका, नवीन करा." ऐकू नका. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे धरून गेल्या बारा वर्षांत सहा फ्लॅटची कामं मी समोर उभी राहून करून घेतली आहेत. त्यातले दोन माझेच. फोडायचं कमी आणि जे फोडायचं ते एकदाच, एवढं पाळलं की सिमेंट, पाणी, पैसा, शेजाऱ्यांशी असलेले संबंध, सगळंच वाचतं. दुसऱ्यांदा फोडावी लागते ती जागा बहुतेक वेळा एकच असते.

त्याआधी बाकीचं पटकन सांगते.

सोसायटीचं पत्र, डिपॉझिट, दुपारी आवाज बंद, हे तुम्हाला ठाऊक आहे. काम दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीपर्यंत हात धुऊन मोकळे व्हा. जूनमध्ये भिंतीला आलेली ओल पावसाची की पाइपची, हे मोठे मोठे मिस्त्रीही छातीठोक सांगत नाहीत.

हॉलमधली मोझॅक फरशी काढू नका. तीन-चार हात घासून पॉलिश केली की ती पुढची वीस वर्षं सहज जाते आणि उन्हाळ्यात पायाला थंड लागते. एकच काळजी घ्या: घासताना निघणारा राखाडी रबडा कामगार थेट मोरीत सोडतात. तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत भरून, वाळवून पोत्यात भरायला लावा. वाळवी नसलेल्या सागाच्या चौकटी आणि ओट्याखालचे कडप्पे जसेच्या तसे राहू द्या. तसं लाकूड आज घ्यायला गेलात तर किंमत ऐकूनच परत याल.

डेब्रिज कुठं जाणार, हे कंत्राटदाराकडून लिहून घ्या. बांधकामाच्या राडारोड्यासाठी 2016 पासून वेगळे नियम आहेत आणि ती जबाबदारी राडारोडा करणाऱ्याची, म्हणजे आपलीही आहे. "टेम्पोवाला बघतो" हे उत्तर चालवून घेऊ नका. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. आपण हौसेनं पोरांना घेऊन फ्लेमिंगो बघायला जायचं आणि त्याच खाडीकाठच्या तिवरांत आपल्याच संडासाच्या फरशा पडलेल्या असायच्या, हे बरं दिसत नाही.

आता बाथरूम.

माझ्या पहिल्या घरात मी मिस्त्रीवर विश्वास टाकला. वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचा डबा आला, फिकट निळा कोट मारला गेला, दुसऱ्या दिवशी टाइल्स बसल्या. पाणी भरून बघायचं का, असं मी विचारलं होतं. "ताई, पंधरा वर्षं हेच करतोय," असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. पाच महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवलं. "जरा खाली येता का? भांडण नाही करत, फक्त बघून जा." त्यांच्या मोरीच्या छताला पिवळट डाग होता, मधोमध रंगाचा फुगा आलेला, खाली स्टीलचं पातेलं ठेवलेलं. पातेल्यात थेंब पडतानाचा टप् आवाज मला अजून आठवतो. नव्याकोऱ्या टाइल्स पुन्हा फोडल्या. बारा पोती डेब्रिज पुन्हा जिन्यानं उतरलं.

चूक कुठं होती? केमिकल बरं होतं. पाणी झिरपत होतं नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या, जोडातून, आणि तिथं कोणी बघितलंच नव्हतं. म्हणून आता मी हा टप्पा कोणाच्याही भरवशावर सोडत नाही.

आधी टाइल्स आणि जुना कोबा, म्हणजे त्यांच्याखालचा भराव, थेट स्लॅबपर्यंत काढा. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायचा सल्ला हॉलमध्ये एकवेळ चालेल. गळक्या बाथरूममध्ये तो म्हणजे पू भरलेल्या जखमेवर पट्टी. स्लॅब उघडा पडला की सळ्या दिसतायत का बघा. गंजून फुगलेल्या असतील तर काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा, त्या कामाला मिस्त्री पुरत नाही. फोडताना निघालेल्या चांगल्या भाजक्या विटांचे तुकडे धुऊन बाजूला ठेवा, कोब्यात तेच भरता येतात. निदान तेवढा राडारोडा घराबाहेर जात नाही.

प्लंबिंग आणि वायरिंगच्या सगळ्या खाचा आत्ताच मारून घ्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. कोट मारून झाल्यावर प्लंबर "एवढा एकच नळ सरकवायचाय" म्हणत छिन्नी घेऊन येतो. त्याला दारातूनच परत पाठवा. ट्रॅप आणि पाइप पक्के बसवा, आणि पाइप भिंतीतून जिथं बाहेर जातो तिथं सभोवतीची फट नॉन-श्रिंक ग्राउटनं, म्हणजे न आकसणाऱ्या मसाल्यानं, भरा. नुसत्या सिमेंटचा गिलावा आकसतो आणि केसाएवढी चीर राहते. पाण्याला तेवढी पुरते.

भिंत आणि जमीन मिळते तिथं काटकोन ठेवायचा नाही. मसाल्यानं गोलाई द्यायची, मिस्त्री तिला वाटा म्हणतात. मग पॉलिमर-सिमेंटचे, म्हणजे त्याच वॉटरप्रूफिंगचे, दोन कोट. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, म्हणजे ब्रशकडून सुटलेल्या जागा झाकल्या जातात. जमिनीलगत सगळीकडे भिंतीवर फूटभर, आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वर. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. मिस्त्रीला ते घट्ट वाटलं की तो गुपचूप पाणी ओततो. तेव्हा तिथं उभं राहा, चहा नंतर.

आता परीक्षा. कोट पुरता सुकला की दाराच्या उंबऱ्याशी विटांचा छोटा बांध घाला आणि तीन-चार इंच पाणी भरा. इथं बहुतेक जण ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबतात. तसं केलं तर कोटाची परीक्षा होते, ट्रॅपची आणि जोडाची होतच नाही. माझा घात तिथंच झाला असता, परीक्षा घेतली असती तरी! बोळा किंवा रबरी प्लग पुढे लावा, बाहेर शाफ्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या बोळात, पाइप मुख्य पाइपला मिळायच्या आधी. म्हणजे पाणी ट्रॅपमध्ये, पाइपात, जोडात सगळीकडे उभं राहतं.

भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलनं खूण करा. तिथंच एक भरलेली बादली ठेवा आणि तिच्या आतही खूण करा. तीन दिवसांत थोडं पाणी हवेनंच उडतं, आणि मिस्त्री पातळी उतरली की "उडालं" म्हणतो. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर उडालं. बाथरूममध्ये जास्त उतरलं तर मुरलं. चोवीस तासांवर भागवायला बघतील, पूर्ण बहात्तर तास ठेवा. पाणी भरण्याआधी खालच्यांच्या छताचे फोटो काढा, त्यांच्यासमोरच. नंतर रोज एकदा बॅटरी घेऊन खाली जा. मी जाताना वाटीभर काहीतरी घेऊन जाते. दार लवकर उघडतं.

गळलं तर पाणी काढा, जागा शोधा, दुरुस्त करा, पुन्हा तीन दिवस. कामगारांचा खाडा होतो, कंत्राटदार कुरकुरतो. कुरकुरू द्या. आणि हे बॅरलभर पाणी ओतून देऊ नका. फरशी पुसायला, कोब्याच्या क्युअरिंगला, म्हणजे तो ओला ठेवायला, वापरा. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी मिळतं म्हणून आपण जरा सैल सुटलो आहोत.

मग कोबा. ढाळ ट्रॅपकडे, पाच फुटांत पाऊण इंच. टाइल्स लावायच्या आधी मगभर पाणी ओतून ते कुठं जातं बघा. कोपऱ्यात डबकं साचलं तर आत्ताच सांगा. टाइल्सच्या फटींत इपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण पांढरं सिमेंट वर्षभरात काळं पडतं आणि मग अॅसिड ओतत बसावं लागतं.

बाकी सोपं आहे. फ्लशची टाकी दोन बटणांची, 3 आणि 6 लिटर सोडणारी घ्या, जुन्या टाक्या एका वेळी दहाच्या वर सोडायच्या. नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी, लावा. पंखे बदलायचेच असतील तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या, साधा पंखा 75 वॅट खातो, हे तीस-पस्तिसात भागवतात. चालू पंखे मात्र उगाच फेकू नका. ओला कचरा गच्चीत किंवा गॅलरीत झाकणाच्या बादलीत वाळक्या पाल्यासोबत जिरवा. वास यायला लागला तर वाळका पाला कमी पडतोय, एवढंच.

एरेटरमध्ये दोन-तीन महिन्यांनी क्षार अडकतात आणि धार वाकडी होते. लोक वैतागून काढून टाकतात. हातानं फिरवून काढा, लिंबू पिळलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासून परत बसवा.