दोघांच्या टीम मॅचमध्ये रायफलला मागून टेकू द्या

अमेरिकेत दोघादोघांच्या टीमच्या फील्ड रायफल मॅच होतात ना, त्यात वायोमिंगसारख्या ठिकाणी कमरेएवढी झुडपं असली की झोपून टार्गेट दिसतच नाही, मग बसून नाहीतर गुडघ्यावरच मारावं लागतं. सगळे पुढच्या ट्रायपॉडच्या मागे लागतात पण खरा हलतो तो बट, म्हणजे रायफलचं खांद्याला टेकणारं मागचं टोक! पुढे ट्रायपॉड नाहीतर दगडावर ठेवलेली बॅग, आणि पार्टनरची सॅक उभी करून तुमच्या उजव्या काखेखाली, म्हणजे कोपर आणि दंड दोन्ही तिच्यावर टेकतात. सॅकमध्ये जॅकेट वगैरे कोंबून घट्ट करा, अर्धी रिकामी असेल तर ती हळूहळू बसते आणि नेमका ट्रिगर दाबताना क्रॉसहेअर (स्कोपमधली नेम धरायची फुली) खाली सरकतो, आमचं हे दोनदा झालंय.

फरक किती पडतो बघा, अर्धा मिल (मिल म्हणजे कोनाचं माप, 1000 मीटरवर 1 मीटर) हललं तर 400 मीटरवर 20 सेंटीमीटर, म्हणजे टार्गेटची छोटी प्लेट गेलीच.

पार्टनरने मागेच बसायचं, मझलच्या (नळीच्या तोंडाच्या) पुढे किंवा बाजूला अजिबात नाही, मझल ब्रेकचा (झटका कमी करायला नळीच्या तोंडावर बसवलेल्या भागाचा) दणका कानाला फार वाईट लागतो त्यामुळे इअर प्लग आणि वर मफ दोन्ही घाला. त्याने दुर्बिणीतून गोळी कुठे पडली ते मिलमध्येच सांगायचं, "जरा डावीकडे" असलं काही नको. जागा बदलताना बोल्ट (मागून नळी बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं, आणि ते पार्टनरला प्रत्यक्ष दाखवूनच उठा.

घरी रिकाम्या रायफलवर हे दोघांनी मिळून करून बघा, सॅकचे लोंबते पट्टे आधी आत खोचा, ते बोल्टच्या हँडलमध्ये हमखास अडकतात.