तरंगत्या बेटाचा प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

सांडपाणी शुद्ध करणारं तरंगतं बेट, म्हणजे मुळं पाण्यात लोंबतील अशी झाडं लावलेला तराफा, हा विषय शेवटच्या वर्षाला ठरला, की पहिला प्रश्न हमखास हाच: झाड कुठलं लावायचं? आमच्या गटातही तेच झालं. कर्दळ, वाळा, वेखंड, पाणकणीस यांतलं जे जवळपास मिळेल ते घ्या आणि पुढे चला. जलपर्णी मात्र अजिबात नको. एखादं रोप तळ्यात सुटलं तरी बघता बघता सगळं तळं झाकून टाकतं.

घाण कमी होण्याचं मोठं काम मुळांवर होतं. लोंबणाऱ्या मुळांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, तो सेंद्रिय घाण फस्त करतो. बारीक गाळही मुळांत अडकतो. त्यामुळे पाणी मुळांपाशी किती वेळ थांबतं यावर डोकं लावा. खोली साधारण मीटरभर तरी हवी. मुळं तळाच्या गाळात रुतली तर पाणी चढल्यावर बेट वर येत नाही, तिथेच बुडतं. बेट बांधायचा दोरही पाण्याबरोबर ते वर येईल इतका सैल ठेवा. आणि सगळा पृष्ठभाग झाकू नका, खालच्या पाण्यातला ऑक्सिजन घटतो.

तराफ्याचं गणित सोपं आहे, पण ते करा. ११० मिमी व्यासाचा बंद पीव्हीसी पाइप दर मीटरला सुमारे साडेनऊ किलो वजन तोलतो. एक मीटरच्या चौकोनी सांगाड्याला चार मीटर पाइप, म्हणजे ३८ किलो. त्यातून पाइपचं वजन, भिजलेला काथ्या, खडी आणि वाढलेली कर्दळ वजा करा. कर्दळ किती जड होते हे पाहिल्याशिवाय पटत नाही! रोपं लावण्याआधी सांगाडा रात्रभर हौदात दाबून ठेवा; गळती बहुधा कोपऱ्यातल्या एल्बोच्या जोडात निघते.

प्रयोगाच्या टाकीशेजारी तुलनेसाठी दुसरी टाकी हवीच: तेच पाणी, तोच तराफा, फक्त झाडं नाहीत. नाहीतर परीक्षक विचारणार, "गाळ नुसता ठेवूनही बसलाच असता की!" बीओडी (सेंद्रिय घाण फस्त करताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याची चाचणी) आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांचा लावतात, त्यामुळे गुरुवारी बाटल्या लावल्या तर वाचन रविवारी येतं आणि लॅबला कुलूप.

हैदराबादच्या नेकनामपूर तलावात २०१८ साली ३,००० चौरस फुटांचं बेट सोडलं होतं. बांबू, थर्माकोल, गोणपाट असलं साधंच सामान. वाळा, कर्दळ, पाणकणीस अशी झाडं. त्याची माहिती जरूर वाचा.

रिपोर्टमध्ये छाटणीचं पान घालायला विसरू नका. झाडांनी शोषलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस पानं कुजली की परत पाण्यातच उतरतो. म्हणून वाढलेली पानं कापून काठापासून लांब न्यायची. तुम्ही पास होऊन गेल्यावर हे कोण करणार, खर्च कोण देणार, हेही त्याच पानावर लिहा.