निवृत्त ब्रिटिश अपील न्यायाधीशावर टिपण लिहिताना

पणजीत पाट्टोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून असं टिपण लिहिणार असाल, तर आधी तारखांचा सांगाडा उभा करा. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांचं उदाहरण घ्या: जन्म १८९९, वकिलीची सनद १९२३, हायकोर्टाचे न्यायाधीश १९४४, अपील कोर्ट १९४८, हाउस ऑफ लॉर्ड्स (तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ) १९५७, मास्टर ऑफ द रोल्स (अपील कोर्टाच्या दिवाणी बाजूचे प्रमुख) १९६२, निवृत्ती १९८२.

सर्वात जास्त चुका पदव्यांत होतात. ‘लॉर्ड जस्टिस’ हे अपील कोर्टातलं पद, उमरावकी नव्हे. निकालपत्रात नावापुढे ‘एलजे’ असेल तर अपील कोर्ट, नुसतं ‘जे’ असेल तर हायकोर्ट.

मग निकाल वाचा. खंडपीठ बहुधा तिघांचं असतं, म्हणून मत बहुमताचं की विरोधी, हे तपासल्याशिवाय ‘त्यांनी कायदा बदलला’ असं लिहूच नका. निष्काळजीपणे दिलेल्या माहितीच्या जबाबदारीवरच्या १९५१च्या कँडलर खटल्यात डेनिंग विरोधी मत देऊन एकटे पडले. त्यांची भूमिका हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६३मध्ये उचलून धरली. अशी जागा सापडली की तिथं खुशाल दोन परिच्छेद द्या.

तिथल्या न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय २०२२पासून ७५ आहे.

गोव्याच्या वाचकाला एक खुलासा हवाच: ब्रिटिश हिंदुस्थानातली अपिलं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात, पोर्तुगीज गोव्यातली नाही.