डिप्रेशनच्या गोळ्या सोडताना या चुका टाळा

डिप्रेशनची गोळी बंद कशी होते, ते फोंड्यातल्या आमच्या फार्मसीच्या काउंटरवरून रोज दिसतं. स्ट्रिप संपते, बरं वाटत असतं, नवी घ्यायची राहून जाते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, मळमळ, भलतीच ठळक स्वप्नं, कारण नसताना रडू. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका. घरचे म्हणतात, 'बघ, परत सुरू झालं तुझं.'

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. औषध सुटल्याचा त्रास आणि परतलेला आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेळ पाहिली तर पुष्कळदा ओळखता येतात. गोळी सोडल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो. गोळी पुन्हा घेतली की एक-दोन दिवसांत उतरतो. डिप्रेशन मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू परततं. आणि करंटचे झटके हे डिप्रेशनचं लक्षण नव्हेच. हा फरक कळला नाही, तर 'मला जन्मभर गोळी लागणार' अशी समजूत करून घेऊन माणूस वर्षानुवर्षं घेत राहतो, नाहीतर डोस वाढवून घेतो. म्हणून डोस कधी कमी केला आणि त्रास कधी सुरू झाला, या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या लांबलचक वर्णनापेक्षा जास्त कामाला येतात.

हा त्रास सगळ्यांना होत नाही, हेही सांगायला हवं. २०२४ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात औषध बंद करणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षण जाणवलं. तुलनेसाठी दिलेली, औषधच नसलेली खोटी गोळी बंद करणाऱ्यांतही १७ टक्क्यांना जाणवलं. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. पण वर्षानुवर्षं गोळी घेत असाल तर जास्त जपून चाला.

कोणती गोळी, यावरही बरंच अवलंबून. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून ती सोडताना जास्त छळतात. फ्लुऑक्सेटीन काही आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते सोडणं त्या मानाने सोपं. चतुर्थीला गावच्या घरी गेलेली माणसं दोन-तीन दिवस गोळ्या विसरतात आणि चक्कर आली की जागरणाला नाहीतर उपासाला दोष देतात. पॅरोक्सेटीनवाल्यांनी आधी आपली स्ट्रिप बघावी.

शेवटची पायरी सगळ्यात उंच

'२० ची १० केली, काही झालं नाही; १० ची ५ केली, काही नाही; आता ५ म्हणजे नावापुरतीच, सोडून देतो.' हिशेब बरोबर वाटतो, पण मेंदूचा हिशेब सरळ नाही. सिटॅलोप्रॅमचं उदाहरण घ्या. २० मिलिग्रॅमला मेंदूतल्या ज्या जागांवर हे औषध काम करतं, त्यांतल्या सुमारे ८० टक्के जागा व्यापलेल्या असतात. डोस निम्म्याहून खाली, ९ वर आणला तरी ७० टक्के उरतातच. अगदी २ मिलिग्रॅमच्या आसपाससुद्धा ४० टक्के. म्हणजे सुरुवातीच्या मोठ्या कपातीत फारसं काही हलत नाही आणि शेवटच्या चिमूटभर डोसात सगळं हातातून सुटतं. म्हणून कपात शेवटाकडे जाताना लहान-लहान करत न्यायची आणि प्रत्येक पायरीवर दोन-चार आठवडे थांबायचं. इतका कमी डोस बाजारातल्या गोळीत मिळत नसेल तर काय करायचं, हे डॉक्टरांनाच विचारा. घरी चाकू घेऊन बसू नका.

चाकूचा विषय निघालाच आहे तर ऐका. 'ही अर्धी करून दे मरे,' असं म्हणत लोक स्ट्रिप पुढे करतात. नावापुढे सीआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. ती मोडायची नाही. डुलॉक्सेटीनच्या कॅप्सूलमधले दाणेही चुरडायचे नाहीत, पोटातलं आम्ल त्यांची वाट लावतं. एक दिवसाआड गोळी घेण्याची आयडियाही लवकर निघून जाणाऱ्या औषधांसाठी वाईटच. रोज थोडं कमी घेण्याऐवजी तुम्ही दर दुसऱ्या दिवशी औषध सोडल्यासारखं करता.

त्रास सुरू झालाच तर

दात-ओठ खाऊन सहन करत बसू नका. डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा ते शेवटच्या सोसवलेल्या डोसावर परत नेतात, तिथे काही आठवडे थांबवतात आणि मग आणखी सावकाश उतरवतात. याला माघार म्हणायचं कारण नाही. तोवर झोपेची वेळ सांभाळा, उठताना सावकाश उठा, चक्कर असेपर्यंत स्कूटर घरीच ठेवा. गोव्यात स्कूटरवाचून अडतं हे मान्य, पण चक्कर येत असताना बोरीच्या पुलावरून जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये हुर्राक (काजूची दारू) समोर आली तरी त्या आठवड्यांत नको. झोप आणि मन दोन्ही आणखी बिघडतं. डोकेदुखी किंवा खोकल्याला दुकानातून स्वतःच्या मनाने काही घेऊ नका. ट्रॅमाडॉल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन ही दोन औषधं अजून शरीरात असलेल्या डिप्रेशनच्या गोळीशी घातक पद्धतीने जुळू शकतात.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, किंवा झोपेची गरजच न लागता अंगात वारं भरल्यासारखं झालं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारी मानसोपचार संस्था आहे, तिथे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो. रुग्णवाहिका हवी असेल तर १०८.

उरलेल्या स्ट्रिप्स लगेच फेकू नका. शेवटच्या डोसानंतर काही आठवडे परत लागू शकतात. पण 'माझ्यासारखंच होतंय' म्हणणाऱ्या नणंदेला किंवा शेजारणीला देऊही नका.